जेठात आलेले पावणे

जेठ लागला की किल्ल्यावर परकं माणूस चढत नाही. होळीनंतर गोरे पाहुणे कमी होत जातात, चैत्रात गुजरातेतली कुटुंबं शेवटची येऊन जातात आणि मग दसरा चौकातली दुकानं एकेक करून फळ्या लावून घेतात. रजया, कठपुतळ्या, आरशांच्या झोळ्या सगळं आत जातं. गाईसुद्धा गल्लीत सावलीची कड धरून चालतात. उरतात ती फक्त किल्ल्यातली माणसं, आणि पश्चिमेकडून येणारी, तोंड भाजून काढणारी लू.

गवराला हे दिवस पूर्वी फार आवडायचे. एरवी तिचं घर तिचं नसायचंच. वरच्या मजल्यावरच्या पाच खोल्यांत कुणी ना कुणी उतरलेलं असायचं; कुणाला आंघोळीला पाणी हवं, कुणाला बिनतिखटाची भाजी. जेठात मात्र घर रिकामं व्हायचं आणि तिची लेक सुगना त्याची मालकीण व्हायची. लहान असताना ती रोज वेगळ्या खोलीत झोपायची. सकाळी खोलीच्या दारातून ओरडून चहा मागवायची आणि गवरा पदर खोचून विचारायची, "कुठून आलात बाई?" कधी ती फ्रान्सहून आलेली असायची, कधी कलकत्त्याहून. कुठूनही आलेली असली तरी चहात साखर जास्तच मागायची.

सुगना गेली त्याला सात वर्षं झाली होती. किल्ल्याच्या पायाखाली पाणी मुरतंय, बुरूज खचतायत म्हणून भिंतींच्या भेगा मोजायला बाहेरून माणसं आली होती. त्यांच्यात मेघवाळांचा, ज्यांच्या हातचं पाणी किल्ल्यात चालत नाही त्या जातीचा, एक मुलगा होता. गवरा त्या उन्हाळ्यात पोकरणला, आजारी भावाच्या उशाशी होती. ती परतली तेव्हा मोजणारे निघून गेले होते, आणि महिन्याभरात सुगनाही गेली. जोधपूरला कोर्टात लग्न झालं, एवढंच कानावर आलं. पुष्करणा ब्राह्मणाची मुलगी मेघवाळाच्या घरात नांदायला गेली, हे किल्ल्यात कुणाला पचणारं नव्हतं. तिच्या बापानं, दाऊलाल पुरोहितानं, भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला आणि हवापोळीच्या दरवाजात बसलेल्या जातभाईंसमोर जाऊन सांगितलं की आम्हाला मुलगी नव्हतीच. गवराला कुणी काही विचारलं नाही, आणि तिनंही तोंड उघडलं नाही.

एक मात्र झालं. दाऊलालला बायकोला हाक मारायला नाव उरलं नाही. लग्न झाल्यावर तो तिला 'ऐकलंस का' म्हणायचा. सुगना झाल्यावर 'सुगनीची माँ' म्हणायला लागला. आता पुन्हा 'ऐकलंस का'वर आला होता.

त्या दिवशी जेवून दाऊलाल नेहमीसारखा हवापोळीत चौपड खेळायला गेला. त्या दरवाजाच्या कमानीखाली भर उन्हाळ्यातही वारा असतो, म्हणून किल्ल्यातले सगळे पुरुष दुपारभर तिथंच पडीक असतात. गवरा अंगणात केराच्या झुडपाची हिरवी फळं भाजीसाठी निवडत बसली होती. समोरच्या ओट्यावरून चंपाभुआची हाक आली, "गवरा, ऊठ. तुझ्याकडे गिऱ्हाईक येतंय. जेठात फिरायला आलाय, घरच्यांनी हाकलून दिलं असणार बिचाऱ्याला."

तिशीतला माणूस होता. डोक्याला ओला रुमाल, खांद्याला पिशवी. जोधपूरहून आलोय म्हणाला, खोली मिळेल का म्हणाला. गवरा म्हणाली, सगळ्या रिकाम्याच आहेत, कुठली हवी ती घ्या. आणि त्याला पुढं घालून जिना चढायला लागली.

जिना अंधारा. वळणावर एक तुळई इतकी खाली आहे की आलेला प्रत्येक पाहुणा तिथं कपाळ आपटून घेतो. 'डोकं सांभाळा' हे शब्द गवराच्या तोंडात आले, पण त्याआधीच हा माणूस वाकला होता. वर पोचल्यावर तो पुढच्या खोल्यांकडे वळलासुद्धा नाही. सगळ्यांना पुढची खोली हवी असते, तिथून खालचं शहर आणि पलीकडचं वाळवंट दिसतं. हा सरळ मागच्या, गल्लीकडच्या खोलीत गेला.

"इथं वारा चांगला लागतो," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"वाटलं आपलं."

गवरानं ताक आणून दिलं. तो उभ्यानंच प्यायला, गच्चीच्या नळावर पेला धुतला आणि माठापासून लांब, कठड्याच्या कोपऱ्यात पालथा घालून ठेवला. गवरा त्या पालथ्या पेल्याकडे बघत राहिली. दुसऱ्याच्या घरी आपला पेला वेगळा ठेवायची सवय कुणाला असते, ते तिला ठाऊक होतं.

"तू कुणाचा?" तिनं विचारलं. अहोजाहो कधी गळून पडलं ते तिला कळलं नाही.

तो हात जोडून उभा राहिला. "मी सुगनाचा, माँसा. रेवतराम."

या माणसाला काय काय बोलायचं ते गवरानं सात वर्षं मनात घोळवलं होतं. चुलीपाशी, गच्चीवर, चादरी पिळताना ती त्याला शिव्या घालत आली होती. त्यातलं एक अक्षर तिला आठवेना.

"कुठंय ती?"

तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खाली लेक आहे. गडीसरजवळच्या धर्मशाळेत."

गवरानं कोपऱ्यातली पाण्याची सुरई उचललीसुद्धा. "खाली कशाला ठेवलीस तिला? स्वतःच्या घरी यायला कसली भीती? तिचे बासा चौपडीला बसलेत, ते काय एवढ्यात यायचे नाहीत. चल, मी येते." बोलता बोलता ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली होती.

"माँसा," तो वरून म्हणाला, "माझी लेक. धानी."

गवरा तिथंच थांबली. सुरई तिनं पायरीवर ठेवली आणि शेजारी बसली. त्याच्याकडे वळून बघायचा धीर तिला झाला नाही. तो एक पायरी सोडून वर बसला आणि तिच्या पाठीला सगळं सांगितलं. माघात सुगनाला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग इस्पितळात नेलं, आणि आठवडाही निघाला नाही. गवरा रडली नाही. तिनं विचारलं, फार त्रास झाला का, जवळ कोण होतं, शेवटी काय खाल्लं होतं. त्यानं सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी उसाचा रस मागितला होता, आणि दोन घोट पिऊन गोड कमी आहे म्हणाली होती, हेही सांगितलं.

मग तो का आला ते त्यानं सांगितलं. सुगना गेली त्या दिवशी धानी सारखी आईला शोधत होती. रेवतरामच्या आईला, धापूला, काही सुचेना. ती बोलून गेली की तुझी आई किल्ल्यावर गेलीय, तिच्या माहेरी. तेव्हापासून पोरगी रोज सकाळी विचारायची, आपण कधी जायचं. त्यानं जेठाचं नाव सांगितलं, कारण सुगना नेहमी म्हणायची की जायचं तर जेठातच जायचं, सीझनमध्ये माँला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याला वाटलं होतं, तोवर मूल विसरेल. धानी विसरली नाही.

"तिला काय सांगायचं ते मला जमत नाही," रेवतराम म्हणाला. "तुम्ही सांगाल का, एवढं विचारायला आलोय. नाही म्हणालात तरी चालेल. आम्ही खालच्या खाली परत जाऊ."

गवरानं जोडे घातले.

गल्लीत चंपाभुआनं तिला अडवलीच. एवढ्या उन्हात कुठं निघालीस, आणि ते गिऱ्हाईक तुझ्या मागे मागे कुठं चाललंय?

"पावणे आलेत," गवरा म्हणाली. "आणायला चाललेय."

त्या मुलखात पावणा म्हणजे पाहुणाही आणि जावईही. चंपाभुआनं रेवतरामकडे नीट बघितलं, आणि तिच्या तोंडातलं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

हवापोळीत शिरताना गवरानं पदर पुढं ओढला. चौपड मांडलेल्या घोळक्यात दाऊलालची पाठ दिसली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. किल्ल्याचा उतार दगडी फरशीचा. तळव्यांना चटका जोड्यांतूनही लागत होता. ती इतकी भराभर उतरत होती की रेवतरामला पळावं लागलं.

धर्मशाळेत एका खोलीत धापू भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर पाय टाकून एक पाच वर्षांची पोर लोळत होती. गवराला बघताच धापू उठून उभी राहिली, बाजूला सरली, आणि सवयीनं आपली चटई गुंडाळायला लागली. गवरानं तिचा हात धरला आणि ती त्याच चटईवर बसली. धापू रडायला लागली. "मी तिला जपलं नाही असं नाही बाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

धानी मात्र उठून बसली होती. तिनं गवराला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही किल्ल्यावरच्या नानी?"

"हो."

"मग चला की. एवढा वेळ का लावलात?"

धापू काही वर यायला तयार होईना. माझं तिथं काय काम, म्हणाली. तिला तिथंच ठेवून तिघं निघाली. धानीनं गवराचं बोट धरलं होतं आणि ती वाटभर बोलत होती. तुमच्या जिन्यात भूत आहे, ते सगळ्यांना टपली मारतं ना? आणि तुमच्याकडे पाच खोल्या आहेत. आणि आई रोज खोली बदलते. गवरा हुं हुं करत होती. हे ऊन, ही चढण आणि ते छोटं बोट यांच्यापलीकडे काही मनात येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. या वेळी हवापोळीतल्या माणसांनी त्यांना बघितलं. कवड्या टाकायच्या थांबल्या. दाऊलाल मात्र पाणी प्यायला कुठं उठून गेला होता.

घराच्या दाराशी आल्यावर धानी थांबली. दाराच्या लोखंडी कडीला तिनं हात लावला.

"मागच्या वेळी हे बंद होतं," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्या बाबांनी लावून घेतलं."

गवराला वाटलं, पोर काहीतरी ऐकलेलं बोलतेय. तिनं रेवतरामकडे बघितलं. तो ओशाळून दुसरीकडे बघायला लागला.

"ती आली होती?"

"मागच्या जेठात," तो म्हणाला. "धानीला घेऊन, बसनं. मला काम होतं म्हणून मी आलो नव्हतो. मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल."

"कोण होतं दारात?"

"तिचे बासा. त्यांनी सांगितलं, तुझी माँ झोपलीय, तिला उठवू नको, जा. दार लावून घेतलं. मग ती खालच्या सूरजपोळी दरवाजाच्या पाणपोईवर धानीला पाणी पाजून परत फिरली. रागावली नव्हती ती. म्हणाली, पुढच्या जेठात जाऊ. तेव्हा माँ जागी असेल."

दुपारी झोपणं गवराला ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं या घरात तिनं दुपारी पाठ टेकली नव्हती. मागच्या जेठात त्या वेळी ती कुठं असेल? गच्चीवर पापड वाळत घालत असेल, नाहीतर माठ घासत असेल. खाली दार वाजलं असेल, उघडलं असेल, पुन्हा लागलं असेल. आणि वाऱ्यानं आपटलं असेल असं समजून तिनं पुढचा पापड उचलला असेल.

तिनं दार सताड उघडलं आणि धानीला आत घेतलं.

धानी जिना चढली, वळणावर मुद्दाम वाकली, आणि वर पोचल्यावर तिनं विचारलं, "आज कुठल्या खोलीत आहे?"

रेवतराम मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. गवरानं ठरवलं होतं की आता सांगायचं. पण पोरगी तोवर पहिल्या खोलीचं दार ढकलून आत गेली होती. तिनं पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, पडद्यामागं बघितलं. मग हळूच, दबक्या पावलांनी, दुसऱ्या खोलीकडे गेली. आई लपून बसलीय आणि आपण तिला पकडणार, असा तो डाव होता. गवरा तिच्या मागे मागे फिरत राहिली. प्रत्येक दाराशी तिचे ओठ हलत आणि प्रत्येक दाराशी तिला वाटे, एवढी एक खोली बघू दे.

तेवढ्यात खाली दार वाजलं. दाऊलालच्या कानावर चौकातच बातमी गेली असणार, कारण तो कधी नव्हे तो धापा टाकत जिना चढला. धानी दुसऱ्या खोलीतून बाहेर येत होती. त्याला बघून ती दोन पावलं मागं सरली आणि तिनं पाठीमागची चौकट घट्ट धरली.

"तुम्ही दार लावता ते म्हातारे बाबा ना?"

दाऊलाल जिन्याच्या तोंडाशीच खाली बसला. पोरीच्या चेहऱ्यावर त्यानं काय बघितलं ते सांगायला नको. सुगनाचं नाक तिनं जसंच्या तसं घेतलं होतं.

"नाही लावत," तो म्हणाला. "आता नाही लावत. जा, खाली बघून ये, उघडं आहे."

धानीनं जिन्यातून वाकून खाली बघितलं. तिची खात्री पटली. त्याच्या बाजूनं अंग चोरून ती तिसऱ्या खोलीत गेली.

"सुगनीची माँ," दाऊलाल म्हणाला. सात वर्षांनी ती हाक आली. त्यानं बंडी सारखी केली, डोक्यावरून हात फिरवला. "कुठाय ती? मागच्या खोलीत ना? बाहेर बोलाव तिला. सांग, मी काही बोलणार नाही. मागच्या वर्षी माझ्या तोंडातून निघून गेलं. दार लावलं आणि माझं मलाच... मी उतरलो होतो गं तिच्यामागे, सूरजपोळीपर्यंत गेलो. दिसली नाही. म्हटलं, येईल, यंदा येईल. जेठ लागल्यापासून मी दाराला कडी घालत नाहीये, तूच घालतेस. हवापोळीत तरी कशाला बसतो? वर यायला दुसरी वाट नाही म्हणून बसतो." तो हसलासुद्धा थोडा. "आज पाणी प्यायला उठलो आणि नेमकी तेव्हाच गेली म्हणायची पुढून."

एवढं सगळं तो सात वर्षांत बोलला नव्हता. गवरा भिंतीला धरून ऐकत होती. त्याला थांबवावं असं तिला वाटलं, आणि थांबवू नये असंही वाटलं.

"ती माघात गेली," ती म्हणाली.

"कुठं?"

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या रेवतरामकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. ते कसं काढायचं ते त्याला कळत नव्हतं.

"मी झोपले नव्हते," गवरा म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही, पलीकडे पोर होती. "गच्चीवर होते मी. तुम्ही नुसती हाक मारायची होती."

दाऊलालनं डोकं गुडघ्यांत घातलं. गवरा त्याच्याजवळ गेली नाही. तिला जाताच आलं नाही.

धानी पाचव्या खोलीतून बाहेर आली. केसांना पलंगाखालची धूळ लागली होती. डाव संपल्यावर मुलं जशी जरा चिडून बघतात तशी ती गवराकडे बघत होती. "नाही सापडत," ती म्हणाली. "बाहेर गेलीय का?"

गवरा भिंतीशी बसली आणि तिनं पोरीला मांडीवर घेतलं. तिच्या केसांतली धूळ झटकली.

"तुझी आई इथं नाही, बाळा. जोधपूरलाही नाही. ती मेली. माघात, इस्पितळात, ती मेली. मेलेलं माणूस परत येत नाही."

धानी बराच वेळ तिच्या बांगड्या फिरवत बसली. "मग दादी असं का म्हणाली?"

"दादीला तुला रडवायचं नव्हतं."

"म्हणजे आता मी रडू?"

"रड," गवरा म्हणाली. "रड तू."

आणि पोरगी रडायला लागली. आधी परवानगी मिळाल्यासारखी, जपून, आणि मग सगळं अंग हलवून. गवराचंही मग काही राहिलं नाही. आपण कुणाला धरलंय आणि कुणी आपल्याला धरलंय, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं. रेवतराम समोर बसून दोघींना वारा घालत होता. दाऊलाल जिन्याच्या तोंडाशी नव्हता.

गवराला वाटलं, गेला असेल देवळात. जेव्हा जेव्हा घरात काही मोठं झालं तेव्हा तो लक्ष्मीनाथाच्या देवळात जाऊन बसला होता. ऊन उतरल्यावर ती मागच्या खोलीच्या झरोक्यात पाण्याचा तांब्या ठेवायला गेली, तेव्हा तिला तो गल्लीच्या टोकाला दिसला. खांद्यावर एक गाठोडं होतं आणि मागून, चार हात अंतर ठेवून, तोंडावर पदर ओढून धापू येत होती. ती कुठं उतरलीय ते त्यानं रेवतरामला विचारून घेतलं असणार. ओट्या-ओट्यावर माणसं उभी राहिली होती. दाऊलाल मध्ये मध्ये थांबत होता आणि धापू जवळ आल्यावरच पुढं पाऊल टाकत होता.

हवापोळीत काय झालं ते चंपाभुआनं मागाहून सांगितलं. घोळक्यातलं कुणीतरी थट्टेच्या सुरात विचारलं होतं, काय दाऊजी, जेठात गिऱ्हाइकं आणायला स्वतः खाली जायला लागलात की काय. तर दाऊलाल त्याला म्हणाला, "गिऱ्हाईक नाही. माझी विहीण आहे." त्यावर कुणी हसलं नाही, आणि सरकून बसायला जागाही कुणी दिली नाही. तो तिला घेऊन त्यांच्यामधून निघून आला.

झरोक्यात उभी राहून गवरा त्या दोघांकडे बघत होती. किल्ल्याच्या दारापासून घरापर्यंत काय ती वाट, एका श्वासात माणूस येतं. एवढीच वाट चालायची होती, एवढंच वाक्य बोलायचं होतं, आणि ते मागच्या जेठातही जमलं असतं. तिला त्याची कीव आली. पण कीव येते म्हणून राग जातो असं नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र जेवण केलं. धापू उंबऱ्यापाशी बसायला लागली तेव्हा दाऊलालनं तिचं ताट उचलून आत, आपल्या शेजारी मांडलं आणि स्वतः माठातून पाणी आणून दिलं. थोडं पाणी सांडलं. धापूनं मान वर केली नाही. धानी त्याच्या समोर बसली होती. बाजरीच्या रोटीचे तुकडे करता करता तिनं त्याला विचारलं, तुम्ही पण रडला होता का? तो हो म्हणाला.

ते चार दिवस राहिले. किल्ल्यातलं कुणी भेटायला आलं नाही. एकटी चंपाभुआ दुसऱ्या दिवशी भांड्यात दही घेऊन आली, धानीच्या हातावर बत्तासा ठेवला, आणि धापूनं बनवलेला चहा बघता बघता पिऊन गेली. दाऊलाल हवापोळीत गेला नाही. माळ्यावरून त्यानं तो उतरवलेला फोटो काढला, पुसला आणि होता त्या खिळ्याला लावला. गवरा त्या वेळी स्वयंपाकघरात होती. तिनं आवाज ऐकला. बाहेर आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं आपलं गाठोडं बांधलं. धानीला आता रात्री एकदम जाग येते, मी काही दिवस तिच्याजवळ राहते, असं तिनं रेवतरामला सांगितलं. नवऱ्याला वेगळं सांगितलं नाही. तो दारात उभा राहून ऐकत होता.

बसपर्यंत तो आला. धानीला उचलून त्यानं खिडकीशी बसवलं, सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणल्या, मग गवराच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. उन्हानं त्याचे डोळे बारीक झाले होते.

"कधी येशील?"

"माहीत नाही," गवरा म्हणाली. ते खरंच होतं.

त्यानं मान हलवली. बस सुटली तरी तो तिथंच होता.

पोकरणच्या अलीकडे धानी गवराच्या मांडीवर झोपून गेली. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. धापूनं पदराखालून डबा काढला, रोटीवर लसणाची चटणी लावली आणि गवरापुढं धरली. गवरानं मान हलवून नको म्हटलं.

"खा, बाई," धापू म्हणाली. "ती पण पहिल्या दिवशी अशीच खाईना आमच्याकडे. भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, आमच्या हातचं चालत नाही का गं तुला? तर म्हणते कशी, तसं नाही हो, तिखट सोसत नाही मला. आणि मग गूळ मागितला."

गवरानं रोटी हातात घेतली. सात वर्षांचं काहीच तिला ठाऊक नव्हतं. सुगनानं कुठल्या चुलीवर स्वयंपाक केला, कुणाशी भांडली, पोर झाली तेव्हा कुणाचा हात धरला होता, यातलं एकही तिला ठाऊक नव्हतं. ते सगळं या शेजारी बसलेल्या बाईकडे होतं.

"मग?" ती म्हणाली. "गूळ दिलात का? मग काय झालं? सांगा मला. पहिल्यापासून सगळं सांगा."

धापूनं डब्याचं झाकण लावलं, चेहऱ्यावरचा पदर थोडा मागं सारला, आणि सांगायला सुरुवात केली.